मास्तरांचं वाढलेलं वजन

मास्तर आजारी पडले आणि घरातले सगळे डॉक्टर झाले. खरा डॉक्टर तेवढा एकच होता. तो हॉस्पिटलात बसायचा, आणि घरात त्याच्या शब्दाला सगळ्यात कमी किंमत होती.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. कापडाला कात्री लावणाऱ्याला मास्तर म्हणतात, तसले मास्तर. उभा जन्म त्यांनी लोकांचे कोट बेतले आणि लोकांची व्यंगं झाकली. कुणाचा एक खांदा उतरलेला, कुणाला पोक, कुणाचं पोट माणसाच्या आधी दारातून आत येणारं. मास्तरांच्या कोटात शिरला की प्रत्येक जण सरळ आणि सडपातळ दिसायचा. आता त्यांच्या स्वतःच्याच पोटात गाठ निघाली होती, ती यकृतापर्यंत पसरली होती, आणि काढून टाकण्याजोगी राहिली नव्हती. यापुढची औषधं त्रास कमी करण्यापुरती, असं डॉक्टरांनी खुर्ची जवळ ओढून, हळू आवाजात सांगितलं. ते ऐकून मास्तरांनी कोटाचं बटण लावलं. मुलगा फोनवर काहीतरी शोधायला लागला. आणि बायकोनं विचारलं, "मग यांना खायला काय द्यायचं?"

या एका प्रश्नातून पुढचं सगळं रामायण घडलं.

पहिला धावून आला तो मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. त्यानं आयुष्यभर पाण्याचे पंप विकले होते. निवृत्त झाल्यावर विकायला काही उरलं नाही, तेव्हा तो ज्ञान वाटायला लागला. ते त्याच्या फोनमध्ये रोज ताजं उतरायचं आणि तो ते गरमागरम घरोघरी पोचवायचा.

"दाजी, साखर म्हणजे त्या गाठीचं जेवण," तो म्हणाला. "आपण साखर तोडली की गाठ उपाशी. उपाशी म्हणजे खलास."

"गाठ माझ्या पोटात आहे," मास्तर म्हणाले. "उपाशी ठेवलंत तर आधी कोण खलास होईल, त्याचा काही अंदाज?"

मेहुण्यानं बहिणीकडे पाहिलं. बहिणीनं नवऱ्याकडे पाहिलं. साखरेचा डबा त्याच संध्याकाळी शेजारणीकडे गेला.

शेजारणीनं डबा ठेवून घेतला आणि बदल्यात सल्ला दिला. पांढरं काही खायचं नाही. दूध, ब्रेड, भात, सगळं बंद. मुलाच्या ऑफिसातल्या साहेबांनी कळवलं की लाल मांस विष आहे. एका नात्यातल्या बाईंनी सांगितलं की शिजवलं की अन्न मरतं, सगळं कच्चं द्या. त्यांच्याच शेजारी बसलेल्या त्यांच्या यजमानांनी सांगितलं की कच्च्यात जंतू असतात, सगळं शिजवून द्या. घरात भांडण नको म्हणून मास्तरांच्या बायकोनं दोघांचंही ऐकलं आणि दोन्ही बंद केलं. एवढी सगळी पथ्यं पाळून जे उरत होतं ते कोमट पाणी. तेसुद्धा प्लास्टिकच्या पेल्यातून द्यायचं नव्हतं.

अगदीच पाण्यावर माणूस ठेवणं बरं दिसत नाही, म्हणून मेहुण्यानं गवत आणलं. साधंसुधं नव्हे, खास कुंडीत वाढवलेलं. ते वाटायचं, पिळायचं आणि हिरवागार रस सकाळी उपाशीपोटी द्यायचा. त्या उपाशीपोटी या अटीची मास्तरांना फार गंमत वाटायची, कारण हल्ली त्यांचं पोट भरलेलं असण्याची वेळच यायची नाही.

असं नव्हे की हॉस्पिटलनं काही सांगितलंच नव्हतं. तिथं एक आहारतज्ज्ञ बाई होत्या. तळमजल्यावर, फायलींच्या कपाटामागे त्यांची खोली. मास्तर, त्यांची बायको आणि मुलगा आत गेले तेव्हा बाई बिस्किट खात होत्या. त्यांनी पटकन तोंड पुसलं, पण मास्तरांच्या बायकोनं जे पाहायचं ते पाहून घेतलं होतं. जी बाई कामाच्या जागी मैद्याची बिस्किटं खाते, तिला पथ्यातलं काय कळणार?

बाईंना मात्र बरंच कळत होतं. त्यांनी मास्तरांनाच विचारलं, "काय खावंसं वाटतं तुम्हाला?"

या आजारात मास्तरांना हा प्रश्न पहिल्यांदाच कुणीतरी विचारला होता. ते जरा लाजले. मग म्हणाले, "बटाटे. ही करते ते. लोण्यात परतलेले, कडा कुरकुरीत झालेले, वरून मीठ आणि मिरपूड. चालतील?"

"चालतील काय, धावतील," बाई म्हणाल्या. "लोणी अजून घाला. साय घाला, अंडं घाला, गोड आवडत असेल तर गोड द्या. पोटभर एकदम नको, थोडं थोडं, पण वरचेवर. पुढं कदाचित भूक जाईल, चवही जाईल. आत्ता जे आवडतंय ते आत्ताच खाऊन घ्या."

"पण साखरेनं गाठ वाढते ना?" मुलानं विचारलं.

"साखर तोडून गाठ उपाशी मरत नाही हो. उपाशी हे राहतात." मग बाई मास्तरांच्या बायकोकडे वळल्या. "आणि नको म्हणाले तर जबरदस्ती करू नका. हा आजारच भूक मारतो. त्यात यांचा दोष नाही आणि तुमचाही नाही. आता यांना हवं ते खाऊ द्या."

मास्तरांना वाटलं, उठावं आणि या बाईंच्या मापाचा एक झकास कोट शिवून द्यावा. पण बायकोचे ओठ घट्ट मिटले होते. घरी आल्यावर तिनं चपला काढल्या आणि निकाल दिला, "बाई फारच लहान आहे. तिला अनुभव नाही."

मेहुण्यानं मान डोलावली. "हवं ते खा म्हणायला शिक्षण कशाला लागतं, ताई? ते तर मीही सांगू शकलो असतो."

पण तो सांगत नव्हता, हीच तर मास्तरांची अडचण होती.

मास्तरांचं मागणं काही मोठं नव्हतं. बरं व्हायची आशा त्यांनी मागितली नव्हती. माप घेऊन पोटाला भाकरी मिळवलेल्या माणसाला कापड किती उरलंय ते कळतं. त्यांना फक्त जिभेला चव होती तोवर बायकोच्या हातचे बटाटे खायचे होते. दुकान बंद असायचं त्या दिवशी दुपारी ती ते करायची, आणि दोघं एकाच ताटात, काट्याला काटा लावून खायची. शेवटचा कुरकुरीत तुकडा कुणी घ्यायचा यावरून रुसवेफुगवेही व्हायचे. तेवढं एकदा झालं असतं म्हणजे झालं.

त्याऐवजी रविवार यायचा.

रविवारी सकाळी वजन. मुलानं काचेचं चकचकीत मशीन आणलं होतं. ते बैठकीच्या खोलीच्या मधोमध ठेवायचं, मास्तरांनी त्यावर चढायचं, आणि बाकीच्यांनी वाकून आकडा वाचायचा. मास्तरांना सारखी थंडी वाजायची, म्हणून ते घरातसुद्धा स्वतः शिवलेला लांब लोकरी कोट घालून असायचे. तो काढला की दात वाजायचे. तेव्हा मुलानं हुशारी केली. एकदा कोटाचं वेगळं वजन करून ठेवलं आणि दर खेपेला तेवढं वजा करायला लागला.

आकडा उतरायचा. दर रविवारी थोडा थोडा उतरायचा, आणि दर रविवारी खोलीत तेच बोलणं व्हायचं.

"कुठंतरी फट राहतेय," मेहुणा म्हणायचा. "ताई, काहीतरी पोटात जातंय जे जायला नको."

"काहीच जात नाहीये रे," मास्तरांची बायको काकुळतीला येऊन म्हणायची.

"तरीही. केळी बंद करा."

वजन उतरलं की पथ्य कमी पडलं, असा हिशेब. मास्तर कपड्याचे दोष ओळखणारे, त्यांना हा दोष चटकन दिसला. हे लोक कोट घट्ट होतोय म्हणून तो अजून आत घेत होते. पण बोलून उपयोग नव्हता. बोललं की बायकोच्या डोळ्यांत पाणी यायचं, आणि ते पाहण्यापेक्षा गवत बरं होतं.

तेव्हा मास्तरांनी आपल्या हातातली विद्या वापरायची ठरवली.

त्यांच्या जुन्या सामानात शिशाच्या चपट्या चकत्यांचा एक डबा होता. जड पडद्यांच्या आणि लांब कोटांच्या खालच्या पट्टीत त्या शिवतात, म्हणजे कापड वाऱ्यानं फडफडत नाही, सरळ पडतं. बायको बाजारात गेली की मास्तर खिडकीपाशी बसायचे, लोकरी कोटाची पट्टी उसवायचे आणि दोन-चार चकत्या आत सरकवून वरून असे बारीक टाके घालायचे, की खुद्द शिंप्यालाही शोधून सापडू नयेत. शिवाय सगळ्या शर्टांच्या कॉलर त्यांनी आत घेतल्या, पँटी कमरेत बारीक केल्या आणि कोटाच्या खांद्यात कापसाची गादी भरली. कपडे अंगावर लोंबायला लागले की माणूस वाळलाय हे दिसतं. कपडे बेतशीर बसले की माणूसही बेतशीर वाटतो. लोकांचं पोट लपवायला जी कला वापरली, तीच आता त्यांनी पोट नसलेलं लपवायला वापरली.

त्यांचा बेत सरळ होता. वजन जरा वाढलं की घरात आनंदीआनंद होईल, आनंदात पथ्याची मूठ सैल होईल, आणि मूठ सैल झाली की बटाटे.

पुढच्या रविवारी मास्तर मशीनवर चढले. मुलानं आकडा वाचला, डोळे चोळले, पुन्हा वाचला, कोटाचं वजन वजा केलं.

"वाढलंय," तो म्हणाला. "आई, वाढलंय!"

बायकोनं दोन्ही हात तोंडावर घेतले. तिचा चेहरा असा उजळला, की मास्तरांना पोटातल्या गाठीपेक्षा वर कुठंतरी कळ आली. तरी त्यांनी संधी साधली. "मग आता साजरं करायला थोडेसे बटाटे..."

"बटाटे?" मेहुणा ओरडला. "दाजी, आता? गवताला गुण येतोय तेव्हा? आता तर रस दोन वेळा!"

आणि रस दोन वेळा झाला.

मास्तर गार पडले. आपण केवढी घोडचूक केली ते त्यांना त्या संध्याकाळी, दुसरा पेला हातात आल्यावर, नीट उमगलं. वजन उतरलं की पथ्य कमी पडलं, आणि वजन वाढलं की पथ्य लागू पडलं. दोन्हीकडून गवतच. पण आता चकत्या काढायच्या तर आकडा धाडकन खाली येणार आणि बायकोच्या चेहऱ्यावरचा तो उजेड जाणार. ते काही त्यांच्याच्यानं होईना. उलट आतून खरं वजन घटत होतं, ते भरून काढायला दर आठवड्याला चकत्या वाढवाव्या लागत होत्या. कोट इतका जड झाला की तो घालून उभं राहायला भिंतीचा आधार लागे.

आणि गंमत अशी, की आकडा वाढल्यावर माणसांच्या डोळ्यांनाही तेच दिसायला लागलं. गालाची हाडं वर आलेली, मानेच्या शिरा ताणलेल्या, बोटातली अंगठी दोऱ्यानं गुंडाळून घट्ट केलेली. तरी शेजारीण म्हणाली, "तेज आलंय चेहऱ्यावर." मुलाचे साहेब घरी येऊन म्हणाले, "ओळखू येत नाहीत हो!" हे मात्र खरं होतं. मेहुणा तर हवेत चालायला लागला. फोनवर तो ज्याला त्याला सांगायचा, "आमचे दाजी बघा. हॉस्पिटलनं हात टेकले, आम्ही उभे केले." जन्मभर पंप विकताना त्याला एवढं यश कधी मिळालं नव्हतं.

असंच चाललं असतं. मास्तर गवत पीत पीत, शिसं शिवत शिवत एक दिवस गेले असते, आणि ठणठणीत वजनानिशी गेले असते. पण एका रविवारी मेहुणा चष्मेवाल्याच्या बायकोला घेऊन आला.

चष्मेवाल्याचं दुकान मास्तरांच्या दुकानासमोरचं. सुई ओवण्यासाठी मास्तरांनी जेवढे चष्मे घातले ते सगळे त्याच्याच हातचे, आणि त्याच्या अंगावरचा एकुलता एक चांगला कोट मास्तरांच्या हातचा. त्यालाही तोच आजार, जागा वेगळी. तो आता अंथरुणाला खिळला होता. बाई खुर्चीच्या टोकावर बसली, पर्स मांडीवर घट्ट धरून.

"बसा आणि डोळ्यांनी बघा," मेहुणा म्हणाला. "दाजी, चढा."

मास्तर चढले. आकडा मागच्या रविवारपेक्षा वर होता. मेहुण्यानं टाळी वाजवली. मग त्यानं बाईला सगळं समजावलं. साखर नाही, दूध नाही, पांढरं काही नाही, अंडं तर नाहीच.

"दूधसुद्धा नाही?" बाईचा आवाज पडला. "ते फक्त कस्टर्डच खातात हो आता. बाकी काही घशाखाली उतरत नाही. कस्टर्ड तेवढं आवडीनं खातात. वाटी चाटूनपुसून संपवली की मला उलटी करून दाखवतात, बघ म्हणतात, आणि हसतात."

"तेच तर विष घालताय तुम्ही त्यांना!" मेहुणा कळवळून म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता, त्याला मनापासून तसं वाटत होतं. त्याचं दुखणं तेच होतं.

बाईनं मास्तरांच्या कोटाकडे पाहिलं, बेतशीर खांद्यांकडे पाहिलं, मशीनवरच्या आकड्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले. "मला कुणी सांगितलंच नाही," ती म्हणाली. "घरी पातेलंभर करून ठेवलंय. जाते आणि ओतून देते."

मास्तर अजून मशीनवरच उभे होते. आपल्या बटाट्यांसाठी आपण काय वाटेल ते केलं, त्यात त्यांना काही गैर वाटलं नव्हतं. शिंपी माणूस, थोडं आतबाहेर करणारच. पण समोरच्या दुकानातल्या माणसाची वाटी आपल्या शिशापायी जाईल, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. बोललं तर मुलगा चिडणार, मेहुणा रुसणार, बायकोच्या जिवाचं काय होणार कोण जाणे. आणि असल्या लबाडाला पुन्हा बटाटे कोण करून घालणार? ते तर कायमचे गेलेच समजायचे. मास्तरांनी हे सगळं पाहिलं, आणि त्यांना त्या कस्टर्डच्या पातेल्याची विलक्षण काळजी वाटली.

"बाई, थांबा," ते म्हणाले. "कस्टर्ड ओतू नका."

त्यांनी कोटाची बटणं काढायला सुरुवात केली. कोट खाली पडला तो कापडासारखा पडलाच नाही. दणका बसला आणि काचेच्या कपाटातले पेले खणखणले.

मशीनवरचा आकडा घसरला आणि खाली, बराच खाली जाऊन थांबला. मुलगा तो वाचायला वाकला, पण त्यानं तो मोठ्यानं वाचला नाही.

"मशीन बिघडलंय," मेहुणा म्हणाला.

"मशीन ठीक आहे. मी बिघडलोय." मास्तरांनी खाली बसून खिशातल्या छोट्या कात्रीनं कोटाची पट्टी उसवली. चकत्या एकामागून एक जमिनीवर गडगडत गेल्या. "हे माझं वाढलेलं वजन. ज्याला हवं त्यानं न्यावं."

"पण मग... गवतानं काय झालं?"

"गवतानं मला दिवसातून चारदा संडासला पळवलं, मेहुणे. बाकी काही झालं नाही."

कोणीच हसलं नाही. मास्तर पातळ शर्टात थंडीनं कापत होते, आणि आता पहिल्यांदाच खोलीतल्या सगळ्यांना ते दिसले. चष्मेवाल्याची बायको उठली. तिनं जाऊन तो कोट उचलला आणि त्यांच्या खांद्यांवर टाकला. "मी निघते," ती म्हणाली. "त्यांची खायची वेळ झाली." दारापर्यंत ती चालत गेली. जिन्यावर मात्र ती पळत होती, तिच्या चपलांचा आवाज बराच वेळ ऐकू येत राहिला.

"बाबा, का केलंत असं?" मुलानं विचारलं.

"बटाट्यांसाठी."

"बटाट्यांसाठी?" बायको एकदम कडाडली. "बटाट्यांसाठी मला दर रविवारी फसवलंत? मी आनंदानं रडत होते तिकडे स्वयंपाकघरात! अहो, मला काय करून घालायला जड होतं? मला का वाटत नव्हतं?"

"मग का नाही घातलेस?"

ती खुर्चीवर बसली. पदरानं तोंड पुसलं, पण ते पुन्हा ओलं झालं.

"ती हॉस्पिटलातली बाई म्हणाली, हवं ते खाऊ द्या," ती म्हणाली. "हवं ते खाऊ द्या कधी म्हणतात, ते मला कळत नाही? माझ्या आईच्या वेळीही असंच म्हणाले होते. मी बटाटे केले असते म्हणजे मी त्याला हो म्हटल्यासारखं झालं असतं. मला नव्हतं हो म्हणायचं. अजूनही नाही म्हणायचं."

मेहुणा खाली वाकून चकत्या गोळा करायला लागला. त्याला दुसरं काही सुचत नव्हतं. मास्तर बायकोशेजारच्या खुर्चीत बसले.

"तू नाही म्हटलंस म्हणून ते थांबलंय का गं?" ते हळूच म्हणाले. "मी माझ्या पँटी किती वेळा आत घेतल्या, तुला माहीत नाही."

तिनं डोळे कोरडे केले. मग उठून स्वयंपाकघरात गेली. सुरीचा आवाज आला. लोणी तापल्याचा वास आला. मुलगा तोंड धुऊन आला. मास्तर टेबलाशी ताठ बसून राहिले, लग्नाच्या पंगतीत पहिला बसलेला माणूस बसतो तसे.

बटाटे आले. कडा तांबूस, कुरकुरीत, वर मीठ, मिरपूड. मास्तरांनी एक काप काट्याला लावला, तोंडात घातला आणि चावला. ते चावत राहिले. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"कसे झालेत?" बायकोनं विचारलं.

छान म्हणणं सोपं होतं. पण त्या दिवशी खोटं बोलायची त्यांची ताकद संपली होती.

"काहीच लागत नाहीये," ते म्हणाले. "कागद चावल्यासारखं वाटतंय. चव गेली बहुतेक." आणि मास्तर रडले. आजार कळल्यापासून पहिल्यांदाच, आणि तेही बटाट्यांपायी, सगळ्यांसमोर, काटा हातात धरून.

बायकोनं ताट बाजूला सारलं. तिनं आणखी एक घास घ्या म्हटलं नाही, आणि मग उद्या बघू असंही म्हटलं नाही. तिनं पदर कमरेला खोचला.

"मग काय खावंसं वाटतंय?"

मास्तरांनी डोळे पुसले. विचार केला. "गार काहीतरी," ते म्हणाले. "गार आणि मऊ."

ती भावाकडे वळली. तो अजून जमिनीवरच होता, ओंजळीत शिसं घेऊन.

"ऊठ," ती म्हणाली. "आइस्क्रीम घेऊन ये."

मेहुण्याचा चेहरा कसनुसा झाला. त्याच्या सगळ्या विद्येविरुद्धचं ते काम होतं. "बिनसाखरेचं आणू, ताई?" त्यानं शेवटचा प्रयत्न केला.

"साखरेचं आण. दुकानात असेल त्यातलं सगळ्यात गोड आण."

तो गेला. आणि येताना, खरं सांगायचं तर, धावत आला, वितळू नये म्हणून. बायकोनं एकच वाटी घेतली, दोन चमचे घेतले. मास्तरांनी पहिला चमचा जिभेवर धरून ठेवला. गारवा घशातून खाली उतरला तसे त्यांचे डोळे मिटले. त्यांनी आणखी थोडं खाल्लं, मग चमचा वाटीत ठेवून दिला. उरलेलं बायकोनं खाल्लं, सावकाश, त्यांच्याच चमच्यानं.

मग तिनं त्यांचा हात हातात घेतला. मनगटावर आपली बोटं गुंडाळली, तेव्हा ती सहज एकमेकांवर आली. आजपर्यंत तिनं तसं करून पाहिलंच नव्हतं.

"फार बारीक झालात हो," ती म्हणाली.

"हो," मास्तर म्हणाले. "झालोय."

ती हात धरून तशीच बसून राहिली.